अपोलो, कॅनव्हासवर आणि वेदीवर: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४

विषय पक्का झाला. ग्रीक देव आधुनिक कलेत कसे आले आणि आज त्यांची पूजा कोण, कशी करतं, यावर कला महाविद्यालयांतून फिरवता येईल असं छोटं मराठी प्रदर्शन करायचं. सनबोर्डवर छापलेली पॅनेलं, प्रत्येकावर क्यूआर कोड, कोडमागे दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण.

आधी बारा ऑलिंपियन देव घ्यायचं ठरत होतं. ते आज रद्द केलं. बारा देव घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला एक चित्र, चार ओळी आणि हातातलं एखादं आयुध येतं, आणि मुलं वाचून पुढे सरकतात. त्यापेक्षा एकच देव घ्यावा आणि त्याच्यापाशी थांबावं. अपोलो, म्हणजे उजेडाचा आणि संगीताचा ग्रीक देव, घ्यायचं कारण साधं आहे. आपल्याकडे चित्रकला शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर कास्टवरून हात बसवला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 'अँटिक'चा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून. कपाळाची पातळी कुठे मोडते, नाकाची सावली गालावर किती उतरते, हे सगळं त्या मस्तकांनी शिकवलं. हा देव आहे, त्याला कुणीतरी हाक मारत होतं आणि आजही मारतं, हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नाही.

प्रत्येक पॅनेलसाठी दोन प्रश्न ठरवून ठेवते. कुणी काय घडवलं? आणि कुणी कुणाला काय दिलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर तसं पॅनेलवर लिहायचं.

२१ जानेवारी

पहिलं पॅनेल जॉर्जियो दे किरिकोच्या 'प्रेमगीत' या १९१४ मधल्या चित्राचं. चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, उंची ७३ सेंटिमीटर. पुस्तकांत पाहून ते भिंतभर असेल असं वाटतं, प्रत्यक्षात दोन हातांत सहज धरता येईल एवढं. भिंतीवर अपोलो बेल्वेडेरे या प्रसिद्ध प्राचीन मूर्तीचा चेहरा मुखवट्यासारखा टांगलेला. त्याच्या शेजारी लाल रबरी हातमोजा, खिळा ठोकून लावलेला. खाली हिरवा चेंडू. एका बाजूला कमानींची इमारत आणि मागे भिंतीआडून जाणारी आगगाडी.

दे किरिको १८८८ साली ग्रीसमधल्या व्होलोस गावात जन्मला. आईवडील इटालियन, वडील थेसलीतल्या रेल्वेचे अभियंता. जेसन आणि त्याचे साथीदार सोनेरी लोकर आणायला जहाजातून निघाले ते याच किनाऱ्यावरून, अशी कथा. म्हणजे आगगाडी आणि देव, दोन्ही त्याच्या लहानपणच्या अंगणातले. अतियथार्थवाद (सर्रिअ‍ॅलिझम) समजावताना शिक्षक या चित्राला 'असंबद्ध वस्तूंची जुळणी' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. या मुलासाठी त्या वस्तू असंबद्ध नव्हत्याच.

चित्र मोठं करून बराच वेळ बघितलं. चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला रंग जवळजवळ सपाट आहे, अगदी प्लास्टरला असतो तसा. संगमरवराची आतून येणारी झाक त्यानं मुद्दाम टाळली आहे. आर्ट स्कूलमधली स्वस्त नक्कलच त्याला हवी होती. हजारो वर्गांत धूळ खाणारी ही वस्तू त्यानं अशी टांगली आहे की तिच्यासमोर आवाज चढवायला नको वाटतं. पूजा यात नाही. पण त्या काळात अकादमीत हा देव नुसता 'प्रमाणबद्ध चेहरा' होऊन बसला होता, आणि दे किरिकोनं त्याला परत धाक दिला.

पॅनेलवर दुसऱ्या प्रश्नापुढे 'काही नाही' एवढंच लिहिलं.

४ फेब्रुवारी

साय ट्वॉम्ब्ली. अमेरिकी चित्रकार, १९५७ पासून रोममध्ये राहिला. त्याचं १९७५ चं 'अपोलो' हे कागदावरचं काम: वर निळ्या रंगात, रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत देवाचं नाव, आणि खाली पेन्सिलीनं, घाईघाईत लिहावी तशी यादी. देवाची विशेषणं, त्याची झाडं, त्याचे पशुपक्षी. याच वर्षी त्यानं 'व्हीनस'ही केलं, त्याच पद्धतीनं. देवाचं रूप त्यात कुठेही नाही.

सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की हे पॅनेल मुलांना रुचणार नाही, 'यात चित्र कुठाय?' असं विचारतील. विचारू देत. विष्णुसहस्रनाम ऐकत मोठं झालेल्या माणसाला देवासमोर नुसती नावं मांडणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मूर्तीआधी नाव येतं.

खरी गंमत पुढे आहे. ऑर्फिक स्तोत्रं म्हणून ८७ स्तोत्रांचा एक संग्रह आहे, बहुधा आशिया मायनरमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तयार झालेला. आजच्या ग्रीक देवांच्या उपासकांच्या हाती रोज असतात ती ही स्तोत्रं. यातली बहुतेक म्हणजे विशेषणांच्या माळा आहेत. अपोलोचं स्तोत्र ३४ वं. सुरुवातीचा माझा कच्चा अनुवाद: 'ये, हे धन्य, हे पेआन, तित्योसला मारणाऱ्या, फीबस, लिकोरेउस...' म्हणजे आधी 'ये' आणि मग नावं. ट्वॉम्ब्लीच्या कागदावर नावं आहेत, 'ये' नाही. दोघांमधलं अंतर एवढंच आहे, आणि ते फार नाही.

स्तोत्रात पुढे एक जागा अशी आहे की ती पॅनेलवर पूर्ण घेणार. अपोलो आपल्या किथारा या तंतुवाद्यानं सगळं आकाश सुरात लावतो: एका टोकाच्या तारेवर हिवाळा, दुसऱ्या टोकाच्या तारेवर उन्हाळा, आणि मध्ये डोरियन सुरावटीत वसंत. ऋतू म्हणजे देवानं लावलेलं वाद्य. अनुवाद चालू आहे, अजून मनासारखा उतरत नाही.

प्रत्येक स्तोत्राच्या डोक्यावर धूप कोणता जाळायचा तेही दिलेलं असतं. अपोलोला मान्ना, म्हणजे ऊदाच्या जातीच्या सुगंधी राळेचा बारीक चुरा. झोपेच्या देवाला अफूच्या बोंडासह धूप. पृथ्वीला सुगंधी द्रव्यं आणि शेंगाळ कडधान्य सोडून सगळी बियाणी. या सूचना वाचल्या की हे केवळ काव्य आहे असं म्हणताच येत नाही. कुणाच्या तरी हातात निखारा होता.

११ फेब्रुवारी

हक्कांचं काम. भारतीय कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दे किरिको १९७८ मध्ये गेला, ट्वॉम्ब्ली २०११ मध्ये, अमेरिकी कलावंत जेफ कून्स हयात आहे. म्हणजे आमची तीन मुख्य चित्रं छापायची तर परवानगी आणि पैसे. ठरलं: मूळ चित्रं छापायची नाहीत. मांडणी समजावणाऱ्या रेषाकृती आम्हीच काढायच्या, आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळाचा क्यूआर द्यायचा. हे बरंच झालं. हातानं काढलेली रेषाकृती मुलं जास्त वेळ बघतात.

चित्रकार क्लिम्टची १८९८ ची 'पॅलास अथेना' हक्कांतून मोकळी आहे, पण ती अथेना. मोह आवरला.

२५ फेब्रुवारी

आजचा दिवस डेल्फीच्या, म्हणजे ग्रीसमधल्या अपोलोच्या प्राचीन देवस्थानाच्या, दगडांचा. १८९३ साली फ्रेंच उत्खननात अथेनियन कोषागाराच्या भिंतीचे तुकडे मिळाले. त्यांवर अपोलोची दोन स्तोत्रं कोरलेली, आणि शब्दांच्या ओळींवर बारीक अक्षरांत स्वरलिपी. एका स्तोत्राला गायनाची स्वरलिपी, दुसऱ्याला वाद्याची. इसवी सनपूर्व १२८ च्या सुमाराची, अथेन्सहून डेल्फीला निघालेल्या यात्रेसाठी रचलेली. दगड आज डेल्फीच्या संग्रहालयात आहेत. रचना पाच मात्रांच्या आवर्तनात. ओळी मध्येच तुटतात, कारण दगड तुटलेला आहे.

थिओडोर रैनाक यांनी स्वरलिपी उलगडली, गाब्रिएल फोरे यांनी साथीचं संगीत लिहिलं आणि १८९४ च्या वसंतात पॅरिसमध्ये ते गायलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये सॉर्बोनला पिएर द कुबेर्तँ यांनी बोलावलेल्या परिषदेतही गायलं गेलं. आधुनिक ऑलिंपिकची स्थापना झाली ती हीच परिषद. म्हणजे ऑलिंपिक पुन्हा सुरू करायचं ठरत होतं त्या सभेत आधी अपोलोचं स्तोत्र झालं. सभागृहात बसलेल्यांपैकी कुणी ते प्रार्थना म्हणून ऐकलं असेल असं वाटत नाही. शब्द मात्र प्रार्थनेचेच होते.

ध्वनिमुद्रणासाठी एक गायिका तयार आहे. फोरेची साथ न घेता फक्त तानपुऱ्यासारखा एक अखंड स्वर मागे ठेवून म्हणून बघू, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं. दगडावर आहे तेवढंच म्हणायचं, आणि जिथे दगड तुटला तिथे थांबायचं.

१० मार्च

या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे नोंद लांबणार.

एव्हा पामर. न्यूयॉर्कच्या सधन घरातली, जन्म १८७४. ग्रीक कवी अँजेलोस सिकेलियानोसशी १९०७ मध्ये लग्न. ग्रीक कपडे ती नाटकापुरते घालत नसे. स्वतः मागावर विणून रोज तेच वापरत असे. दोघांचं स्वप्न होतं डेल्फी पुन्हा जगाचं केंद्र व्हावं. १९२७ च्या मे महिन्यात डेल्फीच्या प्राचीन नाट्यगृहात त्यांनी 'बद्ध प्रॉमिथियस' हे प्राचीन ग्रीक नाटक उभं केलं. सोबत स्टेडियममध्ये खेळ आणि ग्रामीण हस्तकलेचं प्रदर्शन. १९३० मध्ये पुन्हा. एव्हाचा वारसा त्यात गेला आणि डोक्यावर कर्ज झालं. १९३३ मध्ये ती अमेरिकेला परतली, ती १९५२ मध्येच पुन्हा ग्रीसला आली. त्याच वर्षी डेल्फीच्या नाट्यगृहात प्रयोग पाहताना तिला झटका आला, आणि डेल्फीतच तिला पुरलं.

समूहनृत्याची तिची पद्धत नीट बघण्यासारखी आहे. प्राचीन कुंभांवरच्या चित्रांत डोकं आणि पावलं बाजूनं दिसतात, छाती मात्र समोरून. चित्रकाराच्या अडचणीतून आलेली ही ठेवण असं आपण शिकतो. एव्हानं ती शरीरात उतरवली. डोकं वळवलेलं, छाती प्रेक्षकांकडे, पावलं पुन्हा बाजूला. हिला ती अपोलोची चाल म्हणे. मी आरशासमोर करून पाहिलं. पाठीचा कणा ताठ राहतो आणि श्वास आपोआप छातीत वर येतो. मुलांना प्रदर्शनात हे करायला लावायचं, पॅनेलसमोर जमिनीवर पावलांच्या खुणा चिकटवायच्या.

समूहाचं नेतृत्व कूला प्रात्सिका या तरुण नर्तिकेकडे होतं. नऊ वर्षांनी, १९३६ मध्ये, प्राचीन खेळांच्या जागी, ऑलिंपियात, पहिल्यांदा आरशानं ऑलिंपिकची ज्योत पेटवली गेली तेव्हा त्या समारंभाची नृत्यरचना याच प्रात्सिकाची, आणि पहिली 'पुजारीण'ही तीच. ज्योत बर्लिनला चालली होती, नाझी राजवटीच्या खेळांसाठी. आरसा जर्मनीच्या झाइस कंपनीचा. ही बाजू पॅनेलवर स्पष्ट लिहायची, खाली बारीक अक्षरांत नाही. डेल्फीत जे एका बाईच्या मागावर सुरू झालं ते नऊ वर्षांत राज्यसत्तेच्या कामाला लागलं. देवाचं नाव दोन्हीकडे होतं.

आपल्याकडचा एक धागा मिळाला, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. दादाभाई नवरोजींची नात खुर्शेदबेन नवरोजी पॅरिसमध्ये पियानो शिकत होत्या. १९२० च्या दशकात त्या एव्हाच्या सहवासात ग्रीसमध्ये होत्या. एव्हा तेव्हा बायझंटाइन, म्हणजे जुन्या ग्रीक चर्चच्या, संगीताच्या सूक्ष्म स्वरांसाठी खास ऑर्गन बनवून घेत होती. पाश्चात्त्य सुरावटीत पूर्वेचं संगीत मावत नाही हा तिचा आग्रह. खुर्शेदबेन पुढे भारतात परतल्या आणि गांधीजींच्या चळवळीत गेल्या, सरहद्द प्रांतात काम केलं, तुरुंगवास भोगला. मुंबईच्या एका मुलीचं नाव या गोष्टीत यायलाच हवं. पॅनेल क्रमांक ५, डावीकडचा स्तंभ.

एव्हा उपासक होती का? नाही. चर्चच्या जुन्या गायनावर तिचा जीव होता. अपोलोला तिनं नैवेद्य दाखवला नाही. पण आयुष्यातली सगळी पुंजी तिनं डेल्फीला दिली. दुसऱ्या प्रश्नापुढे काय लिहायचं ते आज सुचलं नाही.

२२ मार्च

मुंबईला जाऊन आले. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम इथल्या प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन चालू आहे, ब्रिटिश म्युझियम, बर्लिन आणि गेटीहून आलेल्या मूर्तींसह. ग्रीक-रोमन देव आणि आपले देव एकाच दालनात, एकाच उजेडात. शाळेची एक रांग आत आली. एका मुलीनं आपल्या मूर्तीला हात जोडले आणि पुढच्या संगमरवरी देवालाही त्याच ओघात जोडले. कुणी अडवलं नाही.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची ब्राँझ मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे, ती घ्यावी असा आग्रह झाला. महाराष्ट्राच्या मातीत मिळालेला ग्रीक समुद्रदेव, मोह होणारच. पण तो अपोलो नाही, आणि समुद्रव्यापाराची गोष्ट वेगळी. तिला स्वतंत्र प्रदर्शन हवं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी काम. आजच्या उपासकांचं पॅनेल लिहायला घेतलं.

ग्रीसमध्ये 'हेलेन एथ्निकांची सर्वोच्च परिषद' ही जुन्या ग्रीक देवांच्या उपासकांची संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. २०१७ मध्ये ग्रीक राज्यसत्तेनं त्यांच्या धर्माला 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली, म्हणजे कायदेशीर प्रार्थनास्थळ चालवता येतं. ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी १९९० च्या दशकापासून दरवर्षी प्रॉमिथिया नावाचा उत्सव होतो. अमेरिकेत 'हेलेनियन' ही संस्था २००१ पासून आहे. ग्रीसमधल्या काहींना हा पूर्वजांचा धर्म म्हणून महत्त्वाचा वाटतो. ग्रीसबाहेरच्यांसाठी वंशाचा प्रश्नच येत नाही, देवांनी बोलावलं एवढं त्यांना पुरतं. दोन्ही मतं पॅनेलवर राहतील.

पंचांगाचा भाग मराठी वाचकाला सगळ्यात लवकर कळेल. प्राचीन अथेन्सचे महिने चंद्रावरचे, ऋतूंशी मेळ ठेवायला अधूनमधून अधिक महिना. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. अमावास्येनंतर पहिली कोर दिसली की महिन्याचा पहिला दिवस, नूमेनिया. त्या आधीच्या काळोख्या रात्री हेकातेसाठी उंबऱ्याबाहेर जेवण ठेवायचं, घर झाडायचं. दुसरा दिवस घर राखणाऱ्या दैवताचा, चौथा हर्मिस आणि अफ्रोडाइटीचा, सहावा आर्टेमिसचा, सातवा अपोलोचा, आठवा पोसायडनचा. आजचे उपासक हाच क्रम पाळतात. आज संध्याकाळी अथेन्सवर कोर दिसेल, म्हणजे आमच्या पाडव्याला त्यांचा मूनिखिऑन महिना लागतो. हिशेब पुढे केला तर सातवा दिवस पंधराच्या सूर्यास्तापासून सोळाच्या सूर्यास्तापर्यंत. आणि सोळाला ऑलिंपियात पॅरिस ऑलिंपिकची ज्योत पेटवायची आहे.

१६ एप्रिल

ज्योतीचा समारंभ थेट प्रक्षेपणात पाहिला. हेराच्या मंदिराचे उभे-आडवे दगड, त्यांच्यामधून चुण्यांच्या झग्यांतल्या बायका येतात. पुजारिणीच्या भूमिकेत अभिनेत्री मेरी मीना. एरवी ती अंतर्वक्र आरशात मशाल धरते आणि अपोलोची प्रार्थना म्हणते. आज आभाळ भरलेलं. आरशाचा प्रयत्नच केला नाही. काल रंगीत तालमीत पेटवून प्राचीन घाटाच्या भांड्यात जपलेल्या अग्नीवरून मशाल लावली. त्यानंतर थोड्याच वेळात ऊन पडलं.

उपासकांच्या हिशेबानं आजचा दिवस अपोलोचाच होता. समारंभाची तारीख त्यासाठी निवडली असेल असं नाही, जुळून आलं.

या समारंभाबद्दल उपासक नाराज असतात हे समजण्यासारखं आहे. प्रार्थना म्हणणारी अभिनेत्री, प्रार्थना लिहिलेली विसाव्या शतकात, मागणं खेळांसाठी. तरीही माझं मत वेगळं होत चाललंय. ८८ वर्षं दर खेळांआधी त्याच जागी एक बाई उभी राहते, देवाचं नाव घेते आणि उजेड मागते. इतक्या वेळा मागितलेल्या गोष्टीला नुसतं नाटक म्हणायला माझं मन धजत नाही. आणि ग्रीक परंपरेत नाटक आणि पूजा यांच्यात भिंत होतीच कुठे. अथेन्सचं नाट्यगृह डायोनिससच्या देवस्थानात होतं.

२८ एप्रिल

आज महाविद्यालयात बैठक. एका ज्येष्ठ सरांनी सुचवलं की कलेची पॅनेलं मुख्य दालनात आणि पूजेची बाहेर व्हरांड्यात, 'लोकजीवन' या मथळ्याखाली लावावीत. मी म्हटलं, 'सर, मग मुलं पुन्हा तेच शिकतील की देव हा कलेचा कच्चा माल.' सर म्हणाले, 'पण ही माणसं म्हणजे हौशीच ना? मधे पंधराशे वर्षं काहीच नव्हतं.'

प्रश्न रास्त आहे, त्याला पॅनेलवरच उत्तर द्यायचं ठरवलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसच्या फर्मानांनी यज्ञ आणि देवळं बंद केली. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियननं अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिक्षण थांबवलं. पंधराव्या शतकात ग्रीसमधल्या मिस्त्राचा तत्त्ववेत्ता प्लेथोन जुन्या देवांवर ग्रंथ लिहितो, आणि तो गेल्यावर ख्रिस्ती धर्मगुरू गेनाडिओस ग्रंथ जाळायला लावतो. खंड पडला हे खरंच. सलग परंपरा असल्याचा दावा बहुतेक उपासक करत नाहीत. स्तोत्रं, शिलालेख, पंचांग यांवरून ते पुन्हा बांधतात, आणि जे मिळत नाही तिथे विचार करून काहीतरी ठरवतात. खंड पडलेली गोष्ट पुन्हा हातात घेणाऱ्याला हौशी म्हणायचं, तर फोरेच्या साथीनं स्तोत्र गाणाऱ्यांनाही म्हणावं लागेल.

२००७ सालची घटना त्याच पॅनेलवर घेतली. २१ जानेवारीला एलिनाइस या गटानं अथेन्समधल्या ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिरात, सरकारी मनाई असताना, विधी केला आणि जगात शांतता मागितली. तिथे ते पहिल्यांदा झालं चौथ्या शतकानंतर. संस्कृती मंत्रालयाची हरकत ही की ते स्मारक आहे. चर्चचा विरोध वेगळ्या कारणानं. स्मारकाला जपणं बरोबर आहे. पण तिकीट काढून लग्नाचे फोटो काढायचे आणि ज्याचं घर त्याला हाक मारायची नाही, हे मला खटकतं.

सरांशी वाद मिटला नाही, पण मुख्य दालन मिळालं.

१६ मे

थार्गेलिऑन महिन्याचा सातवा दिवस. डेलोस बेटावर अपोलोचा जन्म झाला तो हाच, अशी श्रद्धा. प्राचीन अथेन्समध्ये थार्गेलिया हा सण सहाव्या-सातव्या दिवशी. सहाव्याला गावाची इडापिडा म्हणून माणसांना हाकलून देत, ही त्या सणाची क्रूर बाजू. सातव्याला पहिल्या पिकाचं धान्य एका मडक्यात शिजवून देवाला.

माझी भाची अथेन्सला शिकते. एका छोट्या गटाच्या विधीला ती काल संध्याकाळी गेली होती. रात्री तिचा निरोप आला: 'मावशी, तू विचारलंस म्हणून सगळं नीट बघितलं.' तिनं लिहिलेलं इथे उतरवते.

शहराबाहेरच्या टेकडीवर कुणाच्या तरी जागेत कमरेइतकी दगडी वेदी. दहा-बारा माणसं, निम्मी ऑफिसातून थेट आलेली. पितळी वाडग्यात पाणी. एकानं जळती काटकी त्यात बुडवली, चर्र आवाज झाला आणि त्या पाण्यानं सगळ्यांनी हात धुतले. मग प्रत्येकाच्या मुठीत जव. तो वेदीवर आणि भोवती टाकायचा. पहिलं आवाहन हेस्तियाला, चुलीच्या देवीला, आणि शेवटचंही तिलाच. मधे एका बाईनं कागदावरून स्तोत्र वाचलं, सवयीच्या आवाजात. वाचताना सगळ्यांचे हात वर, तळवे आकाशाकडे उघडे. पाताळातल्या देवतांना हाक मारायची असेल तर तळवे जमिनीकडे, असं एका आजोबांनी नंतर तिला दाखवलं. वाइनमध्ये पाणी मिसळून वेदीवर ओतलं, मधाची वडी ठेवली, आणि मडक्यातलं शिजवलेलं मिश्र धान्य. लॉरेलची ओली डहाळी निखाऱ्यावर टाकली तर ती तडतड फुटत राहिली, तेव्हा सगळे थांबले आणि ऐकत राहिले. उरलेलं धान्य नंतर वाटून खाल्लं. 'मीठ कमी होतं,' असंही तिनं लिहिलंय.

तिनं फोटोसाठी विचारलं तर, विधी चालू असताना नको, नंतर काढ, म्हणाले. त्यामुळे आमच्याकडे आहे तो विधीनंतरचा फोटो: भिजलेले जव, वाइनचा डाग, अर्धी जळलेली डहाळी. माणूस एकही नाही. मला तो फार चांगला वाटतो, आणि कुणाची ओळख उघड होण्याचा प्रश्नही मिटला.

३० मे

जेफ कून्स. २०२२ च्या उन्हाळ्यात ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर डेस्टे फाउंडेशन या कलासंस्थेच्या जागेत त्याचं 'अपोलो' लागलं. समुद्रकड्यावरचा जुना कत्तलखाना. छतावर वाऱ्यानं फिरणारा, सूर्याच्या चेहऱ्याचा भलामोठा चकाकता भोवरा. आत रंगवलेला, किथारा घेतलेला अपोलो आणि त्याच्यासोबत यंत्रानं हलणारा साप. मूळ आधार ब्रिटिश म्युझियममधला सिरीनचा अपोलो: १८६१ मध्ये सापडलेले १२१ तुकडे जोडून उभा केलेला, २ मीटर २९ सेंटिमीटर उंच.

कून्सबद्दल माझ्या मनात अढी होती. ती या कामापुरती गेली. पांढरा संगमरवर हा ग्रीक देवांचा खरा रंग नव्हे, हे रंगांच्या अंशांवरून आता सिद्ध आहे. विन्झेन्झ ब्रिंकमन आणि उलरिके कॉख-ब्रिंकमन यांच्या रंगीत प्रतिकृती २००३ पासून जगभर फिरताहेत. त्या बघून लोक बिचकतात, भडक म्हणतात. कून्स बिचकत नाही. दे किरिकोनं ज्याचं प्लास्टर टांगलं त्याला यानं त्वचा, ओठ आणि डोळे परत दिले. आणि कत्तलखाना! प्राचीन देवळात वेदी बाहेर असे आणि तिथे जनावरं कापली जात, रक्त वाहत असे. आजचे बहुतेक उपासक जव आणि वाइनवर भागवतात. ती जुनी, रक्ताची बाजू आठवून देणारी जागा एका कलावंताला मिळाली हे योग्यच झालं.

पण आत गेलेल्या माणसानं तिथे करायचं काय? फिरायचं, बघायचं, बाहेर यायचं. काही ठेवायला जागा नाही. टेकडीवरच्या त्या कमरेइतक्या दगडाकडे याहून कमी आहे आणि तिथे माणसाला काम आहे. पॅनेलवर हे असंच लिहिलं, कून्सला कमी न लेखता.

८ जून

मांडणी अंतिम केली. दालनाच्या एका भिंतीवर दे किरिको, ट्वॉम्ब्ली, डेल्फीचे दगड. समोरच्या भिंतीवर एव्हा आणि खुर्शेदबेन, ऑलिंपियाची ज्योत, २००७ चं मंदिर. तिसऱ्या भिंतीवर कून्सच्या कामाची रेषाकृती आणि टेकडीवरच्या वेदीचा फोटो शेजारी शेजारी, दोन्ही तीन फूट बाय दोन. उजेड सारखा.

स्तोत्राचा अनुवाद पुरा झाला. वसंताच्या ओळीला 'डोरियन' शब्द ठेवला. समजावणारी टीप ध्वनिमुद्रणात आहे. गायिकेनं डेल्फीचं स्तोत्र म्हटलंय, दगड तुटतो तिथे ती खरंच थांबते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की फोन बंद पडला. म्हणून क्यूआरखाली एक ओळ टाकली: 'इथे दगड फुटलेला आहे. थांबा, पुढे आहे.'

एव्हाच्या पॅनेलवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: 'घर, माग, वारसा आणि २० वर्षं. डेल्फीला.'

आणि शेवटच्या फोटोखालची ओळ, पंधरा-सोळा मे लक्षात ठेवून: 'थार्गेलिऑन, सातवा दिवस. अथेन्सजवळ, २०२४. कुणी: दहा-बारा माणसांनी. काय: जव, पाणी घातलेली वाइन, मध, शिजवलेलं धान्य, लॉरेल. कुणाला: अपोलोला.'

मुद्रितशोधन उद्या. फाइल सोमवारी छपाईला, सनबोर्ड पाच मिलिमीटरचा, मॅट लॅमिनेशन. पावलांच्या खुणा वेगळ्या स्टिकरवर, जमिनीवर चिकटणाऱ्या.